आधी पावण्याचं होऊ दे

माणूस पोटभर जेवला की नाही, हे आप्पा त्याच्या बोटांवरून सांगायचे. पंगतीत वाढायला गेलं की जो तो "पुरे, पुरे" म्हणत ताटावर हात आडवा धरतो. त्यातला खरा कोण आणि लाजणारा कोण, हे तुम्हाआम्हाला कळत नाही. आप्पांना कळायचं. "पोट भरलेल्याची बोटं जुळलेली असतात. लाजणारा हात धरतो, पन बोटं उघडी ठेवतो. त्या फटीतून वाढायचं," असं ते सांगायचे, आणि सांगता सांगता त्यांचं वगराळं अशा एखाद्या हातावर तिरकं झालेलं असायचं. हात चटकन बाजूला व्हायचा, वरण भातावर पडायचं आणि जेवणारा लाजत का होईना, पुन्हा जेवायला लागायचा.

आप्पा माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, राहणारे हसनाबादचे. शेती होती, पण पंचक्रोशीत त्यांना लोक ओळखायचे ते बादलीमुळे. लग्न असो, बारसं असो, देवाचा भंडारा असो, वरणाची बादली आप्पांच्या हातात. मजुरी कधी घेतली नाही. कुणी टॉवेल-टोपी केली तर टॉवेल खांद्यावर टाकायचे आणि टोपी शेजारच्याला द्यायचे. लग्नाची पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी बादलीवाल्या आप्पांना, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो. आप्पांना त्यात चेष्टा काय आहे ते कळायचं नाही.

वाढणाऱ्यानं सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, हा रिवाज. बाकीचे वाढपी मधेच चुलीमागं जाऊन दोन घास मारून यायचे, आप्पा नाही. शेवटची पंगत उठली, पत्रावळी गोळा झाल्या, बादली धुऊन पालथी घातली की मगच ते बसायचे. तोपर्यंत वांग्याची भाजी संपलेली असायची, बुंदीचा चुरा उरलेला असायचा. कुणी आधी बसायचा आग्रह केला की म्हणायचे, "आधी पावण्याचं होऊ दे." मी लहानपणी एकदा विचारलं होतं, आप्पा, तुम्हाला भूक लागत नाही का? तर म्हणाले, "लागते की. भुकेला माणूसच बराबर वाढतो. पोट भरलं की वाढायचा कंटाळा येतो."

त्यांची एक गोष्ट गावात अजून सांगतात. एका लग्नात नवरदेव रुसला. रुसायची पद्धतच असते, पण हा खराखुरा रुसला. पत्रावळ समोर, घास उचलेना. नवरदेवानं हात घातल्याशिवाय पंगतीला सुरुवात करता येत नाही, त्यामुळे शे-दीडशे माणसं भातावरची वाफ जाताना बघत बसलेली. सासरे विनवण्या करून थकले. तेव्हा आप्पा बादली घेऊन आले आणि नवरदेवाच्या पुढ्यात जमिनीवरच मांडी घालून बसले. म्हणाले, "सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कन न्हाई. तुम्ही जेवल्याबिगर हे लोक जेवणार न्हाईत, हे जेवल्याबिगर मी जेवणार न्हाई. तुमचं भांडन सासऱ्याशी. माझा काय गुन्हा?" आणि गप्प बसून राहिले. नवरदेव थोडा वेळ इकडे तिकडे बघत राहिला, मग त्यानं घास उचलला. आप्पांच्या पंगतीतून कुणी उपाशी उठलं नाही, ही गोष्ट त्यांनी स्वतः कधी सांगितली नाही. गावच सांगायचं.

पुढे पंगतीच संपल्या. मंगल कार्यालयं आली, टेबलं आली, लोक ताट हातात घेऊन रांगेत उभे राहायला लागले. आप्पा सुरुवातीला तिथेही गेले. टोपी घातलेल्या, कॅटरिंगच्या माणसानं त्यांच्या हातातून वगराळं काढून घेतलं आणि म्हणाला, बाबा, लोक आपापलं घेतात. आप्पा कोपऱ्यात खुर्चीवर बसून बघत राहिले. घरी येऊन म्हणाले, "उभ्यानं खाऊन राह्यले सगळे. कोन जेवलं, कोन उपाशी गेलं, काहीच समजत न्हाई." त्यानंतर ते लग्नांना जायचे बंद झाले. बायको आधीच गेलेली, मुलगी अंकुशनगरला दिलेली, जावई साखर कारखान्यात. आप्पा गावात एकटेच राहायचे आणि एकट्यापुरतं काहीतरी शिजवायचे.

ते जालन्याला माझ्याकडे आले मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. पंधरा दिवसांच्या बोलीवर आले होते. डोळ्यात थेंब टाकायचं काम माझी बायको सुनंदा करायची. शुगर होतीच, गोळ्या चालू होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, जेवणाची वेळ चुकवायची नाही. आणि नेमकं त्याच दिवसांत मी घरात एक उद्योग करून ठेवला होता.

माझं पंप-मोटारींचं दुकान आहे. बटन दाबलं की पाणी आलं पाहिजे, हा माझा धंदा आणि दुर्दैवानं हाच माझा स्वभाव. मला सगळं आजच्या आज लागतं. कुणाकडे तरी समुद्री माशांची टाकी बघितली आणि डोक्यात भरलं की आपल्या हॉलमध्ये ही पाहिजे. समुद्र आमच्यापासून रात्रभराच्या प्रवासाइतका लांब. गावात नळ कधी येईल याची वाट बघत लोक ड्रम धुऊन ठेवतात आणि मी चांगलं गाळलेलं पाणी टाकीत भरून त्यात पोत्यातलं मीठ कालवत बसलो होतो. डोळ्याला हिरवी पट्टी लावलेले आप्पा बाजूला बसून बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "दिगू, एवढं गोड पानी खारं कशापायी करून राह्यला?"

मासे आणायचे संभाजीनगरच्या रफिकभाईंकडून. सज्जन माणूस. पहिल्यांदा त्यांनी केशरी रंगाची एक जोडी दिली, काटक आणि खादाड. पण माझं मन बसलं होतं वेगळ्याच माशावर. बोटाएवढा, निळ्या अंगावर नारिंगी-हिरवी नक्षी, कुणीतरी सावकाश बसून रंगवल्यासारखी. मँडरिन म्हणतात त्याला. रफिकभाईंनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. "दिगंबरभाऊ, ये नई टंकी में नहीं जीती. टंकी को बूढी होने दो. छे-आठ महिने रुको, फिर मैं खुद लाके दूंगा." मी आठवडाभर थांबलो. मग पुन्हा गेलो आणि सांगितलं की एका मित्राची जुनी टाकी आहे, त्याला पाहिजे. रफिकभाईंनी जास्त न विचारता मासा दिला. त्या खोट्याची मला अजून लाज वाटते, आणि पुढचं सगळं त्या एका खोट्यातून आलं म्हणून जास्त वाटते.

आप्पांची पट्टी सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो मासा टाकीत सोडला. नव्या डोळ्यानं त्यांनी नीट बघितलेली पहिली वस्तू ती. कितीतरी वेळ काचेला नाक लावून उभे होते. "अरे, हा तर नवरदेव," ते म्हणाले. "शेला-बिला घेऊन आला की." तेव्हापासून तो नवरदेव झाला.

नवरदेव जेवेना. दाणे टाकले की केशरी जोडी झडप घालायची. नवरदेव वाळूवर पंखांनी चालल्यासारखा फिरायचा, एखादा दाणा पुढ्यात पडला तर जवळ जायचा, बघायचा आणि वळून जायचा. गोठवलेली कोळंबी बारीक करून टाकून बघितली. तेच. मी चार दिवसांत वैतागलो. आप्पा मात्र उजळले. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना असं काम मिळालं नव्हतं. "तू दुकानात जा," ते म्हणाले. "नवरदेव रुसला आहे. हे माझं काम."

आप्पा माळकरी. आयुष्यात मासळीला हात लावलेला नाही. आमच्या घरातही शिजत नाही, सुनंदानं ती कोळंबीची पाकिटं फ्रिजमध्ये ठेवायला परवानगी दिली तीच नाइलाजानं, स्टीलच्या डब्यात, वर फडकं बांधून. आणि एका दुपारी मी जेवायला घरी आलो तर आप्पा ओट्यापाशी उभे, गळ्यातली माळ पाठीवर सारलेली, आणि सुनंदाच्या जुन्या कात्रीनं कोळंबीचे खसखशीएवढे तुकडे करत होते. मी बघतच राहिलो. "बघतो काय?" ते म्हणाले. "पावण्याचं जे जेवन ते आपन वाढायचं. आपल्याला थोडंच खायचं आहे?" काम झालं की हात चिंचेनं घासून धुवायचे, माळ पुढे घ्यायचे, आणि चिमट्यात एक तुकडा धरून दंडापर्यंत हात पाण्यात घालून नवरदेवाच्या तोंडापुढे नेऊन धरायचे. लवकर हात मागे घ्यायचे नाहीत.

पंधरा दिवस सरले तरी त्यांनी गावाचं नाव काढलं नाही. रुसलेल्या माणसाला काय लागतं हे आप्पांना माहीत होतं, पण माशाचा रुसवा कसला ते त्यांना कळत नव्हतं. एक दिवस त्यांनी काय केलं, सुनंदानं आणलेल्या बुंदीतले तीन दाणे टाकीत सोडले. नवरदेवाला गोड आवडत असेल म्हणून. संध्याकाळी पाण्यावर तेलाचा थर, पाणी दुधाळ, केशरी जोडी वर येऊन धापा टाकतेय. मी दुकानातून आलो तो त्यातच आलो. अर्धं पाणी बदलावं लागलं. आणि मी आप्पांवर ओरडलो. "आप्पा, ही काय पंगत आहे का? हे वाढणं आता बंद करा," असं म्हणालो. आप्पा ओला हात धोतराला पुसत खुर्चीवर जाऊन बसले. कॅटरिंगच्या माणसानं वगराळं काढून घेतलं तेव्हाही ते असेच बसले असतील, हे मला त्या क्षणी सुचलं, आणि तरीही मी माफी मागितली नाही. अंगात मस्ती होती, दुसरं काय.

दोन-तीन दिवसांनी त्यांनीच मला हाक मारली. "दिगू, इकडं ये. हा रुसलेला न्हाई." ते दिवसभर काचेपाशी बसत होते, हे मला माहीत होतं, पण ते किती बारकाईनं बघतात हे माहीत नव्हतं. "बघ, हा सारखा दगडावर तोंड मारून राह्यला. या दगडावर, मंग त्या दगडावर. सकाळपासून तेच. रुसलेला मानूस ताटाकडं पाठ करतो. हा ताट हुडकून राह्यला. त्या दगडावर काय असायला पायजे ते तू त्या भाईला इचार."

मी रफिकभाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आधी खरं सांगून टाकलं की मित्र वगैरे कुणी नाही, टाकी माझी आणि नवी. मग ते म्हणाले, "मैं समझा था, भाऊ. फिर भी दे दिया, मेरी भी गलती." मग समजावून सांगितलं. जुन्या टाकीत दगडांवर आणि काचेवर डोळ्यांना जेमतेम दिसतील असे पांढरे जीव आपोआप वाढतात. हा मासा फक्त तेच टिपतो, दिवसभर, एकेक करून. त्याला दुसरं अन्न अन्न वाटतच नाही. नव्या टाकीत ते जीव नसतात. यायला महिने लागतात, आणि तेवढे महिने हा तग धरत नाही. "अब क्या करना?" मी विचारलं. रफिकभाई म्हणाले, "दुवा."

आप्पा ऐकत होते. फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "चूल पेटायच्या आधीच पावणा बोलावला तू." एवढंच. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

रफिकभाईंनी तरी खटपट केली. त्यांच्याकडच्या जुन्या टाकीतलं पाणी गाळून ते जीव एका बाटलीत भरून बसनं पाठवले. दिवस चैत्राचे, बाटली ड्रायव्हरच्या शेजारी उन्हात तापत आली. बरेच मेले होते, थोडे जिवंत होते. आम्ही ते टाकीत ओतले. आणि नवरदेव जेवला. मी डोळ्यांनी बघितलं. दगडापाशी थांबायचा, मान वाकवायचा, टिपायचा, पुन्हा टिपायचा. आप्पा खुर्ची पुढे ओढून बसले होते. "जल्दी न्हाई, जल्दी न्हाई. सावकाश होऊ द्या," ते माशाला म्हणत होते. पंगतीत म्हातारी माणसं बसली की ते हेच म्हणायचे. त्या दिवशी सुनंदानं वाढलेलं त्यांनी सगळं संपवलं, आणि भाकरी मागून घेतली. सुनंदानं माझ्याकडे चमकून बघितलं. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

तिसऱ्या दिवशी नवरदेव पुन्हा मोकळ्या दगडांवर तोंड मारायला लागला. बाटलीतलं संपलं होतं. दुसरी बाटली आली ती पूर्ण मेलेली. नवरदेवाच्या पोटाला खळगा पडला, नक्षी फिकी झाली, पाठीची रेघ दिसायला लागली. रफिकभाईंकडे परत नेऊ म्हटलं तर ते म्हणाले, इतका अशक्त मासा या उन्हात रस्त्यातच जाईल. पुढे करण्यासारखं काहीही उरलं नव्हतं आणि ते आम्हा तिघांनाही कळलं होतं.

आणि मग आप्पा पडले. भर दुपारी, टाकीसमोरच्या खुर्चीवरून. सुनंदाचा फोन आला तसा मी दुकान उघडं टाकून धावलो. शुगर खाली गेली होती. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि विचारलं, हे जेवत नाहीत का? मी म्हणालो, जेवतात की. सुनंदा म्हणाली, नाही.

ती मला सांगायला बघत होती, मी ऐकत नव्हतो. ती ताट वाढायची तेव्हा आप्पा म्हणायचे, "ठेव सूनबाई, आधी त्याचं होऊ दे." तिला वाटायचं नंतर बसतील. ते ताट झाकून ठेवायचे, दुपारी त्यातली एखादी भाकरी गच्चीवर कावळ्यांना घालायचे आणि रिकामं ताट घासायला टाकायचे. गोळ्या मात्र वेळेवर घ्यायचे. त्यांनी नवरदेवावर त्यांच्याजवळचा शेवटचा उपाय चालवला होता. त्याच्या पुढ्यात बसायचं आणि तो जेवेपर्यंत आपण जेवायचं नाही. एकदा लागू पडला होता तो. माणसावर.

मी त्यांना खूप बोललो. हात जोडले, त्यांच्या मुलीची शपथ घातली. ते कॉटवर पडल्या पडल्या ऐकून घेत होते. "मला सारं समजतं, दिगू," ते म्हणाले. "त्याला काय ठावं, मी उपाशी आहे का तुपाशी. पन माझ्या देखत कुनी उपाशी बसलं असता मला घास गिळायचा कसा? चाळीस वर्षांत आदत न्हाई पडली." घरी आणल्यावर सुनंदानं पेज भरवली, ती दोन चमचे गेली. पुन्हा तेच, आधी त्याचं होऊ दे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर नवरदेव दगडामागे आडवा पडला होता. आप्पा अंघोळीला गेले होते. मी त्याला जाळीनं काढलं, गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं, हात धुतले आणि खाली आलो. काय करायचं ते माझं ठरलं होतं. आप्पा बाहेर आले तेव्हा मी म्हणालो, "आप्पा, आज तो जेवला. रफिकभाईंनी पाठवलेलं एक नवीन खाणं टाकलं, ते खाल्लं त्यानं. आता दगडामागे जाऊन झोपलाय." आणि ताट वाढून घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, वरण.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. टाकीकडे एकदाही बघितलं नाही. मग पाटावर बसले आणि जेवले. दोन भाकरी, भाजी, वरण-भात. मी वाढत गेलो, ते खात गेले. मला इतकं हलकं वाटत होतं की विचारू नका. शेवटी त्यांनी ताटावर हात आडवा धरला, हात धुतला, टॉवेलला पुसला आणि शांतपणे विचारलं, "कुठं पुरलं त्याला?"

मी हातातली वरणाची वाटी खाली ठेवली. म्हणालो, "माहीत होतं तर जेवलात कशाला?"

"तू वाढायला उभा होता," आप्पा म्हणाले. "मी न्हाई जेवलो तर तू कधी जेवशील?"

मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडलो. एवढ्याशा माशासाठी नाही. ज्या माणसावर मी ओरडलो होतो, त्यानं त्याच्या पंगतीतला पहिला उपाशी पाहुणा गेलेला असताना, मला उपाशी ठेवायचं नाही म्हणून दोन भाकरी संपवल्या होत्या. ती माफी मी त्या दिवशी मागितली. "जाऊ दे, जाऊ दे," ते म्हणाले आणि त्यांनी गावाकडच्या एसटीची वेळ विचारली.

ते हसनाबादला गेले ते पुन्हा जालन्याला आले नाहीत. पावसाळा सरता सरता त्यांच्या मुलीचा फोन आला. आप्पांना घास उतरत नाही. अन्ननलिकेत गाठ निघाली होती आणि डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितलं होतं. मी गेलो तेव्हा घरात माणसं जमली होती. मुलगी वाटीत पेज घेऊन उशाशी बसली होती, आणि जो येईल तो म्हणत होता, घ्या आप्पा, एक घोट, आमच्यासाठी घ्या. आयुष्यभर त्यांनी लोकांना केलेला आग्रह आता सगळं गाव मिळून त्यांना करत होतं. मुलीनं वाटी माझ्या हातात दिली. म्हणाली, "भाऊ, तुझं ऐकतील."

मी चमचा पुढे केला. आप्पांनी पांघरुणातून हात काढला आणि वाटीवर आडवा धरला. हातात जीव नव्हता, नुसती हाडं. पण मी बोटं बघितली. पाचही बोटं एकमेकांना चिकटलेली, कुठे फट नव्हती. मी वाटी खाली ठेवली. मागून कुणीतरी म्हणालं, काय हे, थोडा जोर तर करायचा. आप्पांनी डोळे मिटले आणि हात तसाच वाटीच्या जागेवर राहू दिला. दोन दिवसांनी ते गेले.

त्यांच्या तेराव्याला पंगत बसली. आता गावात पंगत तेवढ्यालाच बसते. मी वरणाची बादली मागून घेतली. वाकून वाकून कंबर मोडली. लोक "पुरे, पुरे" म्हणत हात आडवे धरत होते आणि मला सगळ्यांची बोटं सारखीच दिसत होती. कोण जेवलं, कोण लाजलं, काही कळलं नाही. पुष्कळ लोक अर्धपोटी उठले असतील. मी शेवटी बसलो तेव्हा भात गार झाला होता.

टाकी अजून हॉलमध्ये आहे. केशरी जोडी आहे, दगडांवर हिरवट-जांभळी साय चढली आहे. परवा रविवारी काच पुसायला फडकं घेतलं तर काचेवर पांढरे ठिपके दिसले. मीठ सुकलं असेल म्हणून बोट लावलं, ते बाहेरून निघेना. मग चष्मा पुढे करून बघितलं. ठिपके हलत होते. काचेच्या कडेला, दगडांवर, पंपाच्या नळीवर, सगळीकडे. शेकडो. टाकी म्हातारी झाली होती.

सुनंदाला हाक मारून दाखवलं. ती बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आता आणता येईल की एक." मी नाही म्हणालो. काचभर जेवण मांडलं होतं, पण ज्याच्यासाठी हवं होतं तो कुंडीत होता, आणि "सावकाश होऊ द्या" म्हणणारा हसनाबादला नदीकाठी. मी फडकं घडी करून ठेवून दिलं. ती काच मी अजून पुसलेली नाही.